साठे, पण कुठले?

मिरजेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त काढते. सकाळी सात ते अकरा, उपाशीपोटी आलेल्या माणसांचे हात एकामागून एक माझ्यासमोर येतात. दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळायला सांगायची, बोटानं शीर चाचपायची. या वेळी माणूस सुईकडं बघायचं टाळतो आणि बोलायचं म्हणून काहीतरी बोलतो. पाऊस, ऊस, डॉक्टरची फी. आणि दिवसातून दोन-तीनदा तरी, "मॅडम, आडनाव काय म्हणायचं?"

हातात सुई असलेल्या बाईला हे विचारणारा माणूस धाडसीच.

हे मी असंच चहा पिताना बोलले. समोर शेजारच्या मेडिकलमधला फार्मासिस्ट बसला होता. हसता हसता त्याच्या पांढऱ्या कोटावर चहा सांडला. कोट पुसत तो म्हणाला, "हे लिहून ठेव. आणि पुण्याला चल." तो मिरजेचाच. घरात दखनी, आमच्याशी मराठी, आणि जतकडचं गिऱ्हाईक आलं तर कामापुरतं कन्नड. पुण्यात दोनदा ओपन माइक, म्हणजे नवख्यांना थोडा वेळ उभं राहून विनोद करायला देणारा कार्यक्रम, करून आला होता आणि ही गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. घरी त्यानं औषध कंपनीचं ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलं होतं.

हा 2023 चा पावसाळा. तोवर स्टँडअप म्हणजे मोबाइलवर बघायची गोष्ट, तीही मोठ्या शहरातल्या पोरांनी आपल्या आईबापांवर, विमानतळांवर आणि ब्रेकअपवर बोलायची, एवढंच मला ठाऊक होतं. मी अजून विमानतळ बघितलेला नाही.

आता आडनावाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मी साठे. पुण्यात साठे म्हटलं की माणसाला कोकणस्थ आठवतात. आमच्या वाळवा तालुक्यात साठे म्हटलं की अण्णाभाऊ. वाटेगाव, 1 ऑगस्ट 1920. आम्ही त्यांच्यातले, मातंग. त्यामुळं 'साठे' एवढ्यावर विचारणाऱ्याचं समाधान होत नाही. त्याला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. "साठे... बरं बरं. म्हणजे कुठले?" या 'कुठले'चं उत्तर गावाच्या नावात नसतं, हे त्यालाही माहीत असतं आणि मलाही. सुई एकदाच टोचते, हे दोनदा टोचतं.

नोकरी लागली तेव्हा सांगलीत खोली शोधत होते. फोनवर एका बाईंनी नाव विचारलं, मी सांगितलं, आणि पलीकडून लगेच, "साठे का! मग या की, आजच या." गेले. चहा झाला. खोली बघितली, नळाला पाणी कधी येतं ते कळलं. मग त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "देशस्थ की कोकणस्थ?" मी म्हटलं, "वाळवास्थ." हे मी खरोखर म्हटलं होतं, विनोद म्हणून नव्हे, घाबरले की माझ्या तोंडून असं काहीतरी निघतं. बाईंना दोन मिनिटांनी आठवलं की ही खोली भाच्यासाठी ठेवलेली आहे.

माझा पहिला सेट याच्यावर होता. चार मिनिटांचा. लिहायला तीन आठवडे लागले.

लिहिताना काय करायचं ते फार्मासिस्टनं शिकवलं. आधी सेटअप, म्हणजे ऐकणाऱ्याला एका वाटेला लावायचं. मग पंच, म्हणजे त्या वाटेवरून एकदम खाली उतरवायचं. पंचानंतर त्याच जागी आणखी एक छोटा फटका, तो टॅग. पहिल्या मिनिटातली गोष्ट शेवटच्या मिनिटात परत आणायची, तो कॉलबॅक. शब्द इंग्रजी असले तरी काम ओळखीचं वाटलं. आमच्या आजीचं भांडण याच क्रमानं चालायचं. तिचा कॉलबॅक तर वीस वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या जेवणावर जायचा.

पुण्यातल्या ओपन माइकची पद्धत अशी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर स्पॉट सुटतात, सकाळी दहाला सुटले की दहा वाजून दोन मिनिटांनी भरतात. नाव लागलं तर दोनशे रुपये भरायचे. सांगलीहून स्वारगेट पाच तास, परत पाच तास. चार मिनिटं बोलायला दहा तास एसटी. हॉटेलच्या तळघरात तीसेक खुर्च्या, त्यावर बारा-तेरा माणसं, आणि त्यातली निम्मी आपापल्या नंबरची वाट बघणारी. ती हसत नाहीत. ती ओठ हलवत आपापलं पाठांतर करत असतात. तीन मिनिटं झाली की मागून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतं, त्याला लाईट म्हणतात. लाईट दिसला की एक मिनिट उरलं.

मी उभी राहिले. माइक स्टँडवरून काढायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्टँड एका उंच पोरासाठी लावलेला, म्हणून मी चवड्यांवर उभी राहून, मान वर करून, आकाशवाणी सांगलीला मुलाखत द्यावी तशी चार मिनिटं बोलले. हशा दोनदा आला, दोन्ही चुकीच्या जागी. मी म्हटलं, "मग मी खोली बघायला गेलो," आणि लोक हसले. मला कळेना. नंतर कळलं. सांगली-कोल्हापूरकडं आम्ही बायका घरात, मैत्रिणींत 'मी आलो, मी जेवलो' म्हणतो. लिहिताना 'गेले' लिहिते, पण घाम फुटला की 'गेलो'च येतं. तिथं ते ऐकून लोकांना वाटलं, बाई पुरुषाची नक्कल करतेय. घरमालकीणबाईंच्या प्रश्नापाशी मात्र कुणी हसलं नाही. तळघरात फक्त पंख्याचा आवाज. 'वाळवास्थ' त्यांना कळलंच नाही, कारण वाळवा कुठं आहे हेच माहीत नव्हतं. शेवटी मी जरा गळा दाटून म्हटलं, "आणि मग मला खोली मिळाली नाही." एक मुलगी "ओऽह" म्हणाली.

त्या 'ओऽह'नं मला परतीच्या बसमध्ये झोप लागू दिली नाही. तिचा काही दोष नव्हता. पण मी तिला हसवायला पाच तास बसून गेले होते आणि तिनं मला जवळजवळ रुमाल दिला.

पुढचे सहा-सात महिने महिन्यातून दोन रविवार हेच केलं. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, परतीच्या बसमध्ये कानात घालून ऐकायचं, आणि वहीत लिहायचं. सवयीनं मी त्याचा रिपोर्टच करायला लागले. डावीकडं वाक्य, मध्ये मिळालेला आकडा, उजवीकडं नॉर्मल रेंज. तिथल्या जुन्या पोरांच्या मते मिनिटाला चार हशे असले तर तब्येत बरी. माझे दीड. लॅबमध्ये एवढ्या हिमोग्लोबिनच्या पेशंटला आम्ही खुर्चीतून उठू देत नाही.

सुधारणा झाली ती एका वेगळ्याच तुकड्यानं, आणि त्याची मला अजून लाज वाटते. मिरजेला कर्नाटकातून आणि जतच्या कन्नड गावांतून खूप पेशंट येतात. त्यांच्या मराठीत लिंगाचा गोंधळ होतो, नवरा 'आली' आणि बायको 'गेला'. मी ती नक्कल केली. तळघर पहिल्यांदा खऱ्या अर्थानं हसलं, टाळ्या वाजल्या, रिपोर्टात मिनिटाला सहा. 'गेलो'वरून मला हसले होते याला तीन महिनेही झाले नव्हते, आणि मी ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर ढकलून मोकळी झाले होते. हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. मी खुशीत ते रेकॉर्डिंग लॅबच्या काउंटरवरच्या मुलीला ऐकवलं. ती जत तालुक्यातली, घरी कन्नड. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "ताई, तुम्हाला कन्नड येतं?"

"नाही गं."

"आलं असतं तर मला पण हसायला मिळालं असतं."

आणि ती पावत्या फाडायला लागली.

मी तिच्याकडूनच कन्नड शिकायला लागले. फार नाही, कामापुरतं. मुष्टि माडि, म्हणजे मूठ आवळा. रक्त तगोबेकु, म्हणजे रक्त घ्यायचंय. निम्म हेसरु एनु, म्हणजे तुमचं नाव काय. यातला 'हेसरु' माझ्या तोंडून 'हसिरु' असा गेला, आणि हसिरु म्हणजे हिरवा. एका म्हाताऱ्या बाईंना मी सकाळी सात वाजता, हातात सुई घेऊन, अत्यंत गंभीरपणे विचारलं होतं, 'तुमचं हिरवं काय?' त्यांनी क्षणभर विचार केला आणि दुसऱ्या हातातल्या बांगड्या दाखवल्या. मी मान डोलावली. मला वाटलं, नावाचं गोंदण असेल बांगड्यांखाली. मी बांगड्या वर सरकवून शोधायला लागले. त्यांना वाटलं, लॅबवाली आता बांगड्या पण काढून घेणार.

हा तुकडा आता माझ्या सेटच्या मध्यावर असतो. त्याला नकलेएवढा हशा येत नाही. पण काउंटरवरची मुलगी तो लोकांना माझ्याआधी सांगते, आणि मला तिच्यासमोर तोंड लपवावं लागत नाही.

डिसेंबरात पुण्यातल्याच एका आयोजकाचा फोन आला. नाव सांगत नाही. तिकिटाचा शो होता. तो म्हणाला, "लाइनअपमध्ये जरा डायव्हर्सिटी हवीय. तू तुझं कास्टचं मटेरियल कर." मी म्हटलं, माझ्याकडं लघवीच्या बाटलीवर सहा मिनिटं आहेत, ती जास्त चांगली आहेत. (खरंच आहेत. लोक ती बाटली कशाकशात गुंडाळून आणतात यावर एक ग्रंथ होईल. एकानं मिठाईच्या खोक्यातून आणली होती, वर रबर लावून.) तो म्हणाला, "ते कुणीही करेल." म्हणजे लघवी सगळ्यांची, जात फक्त माझी. बाकीचे चौघं लाइनअपमध्ये विनोदी म्हणून होते, मी प्रकार म्हणून. शो केला. मानधन घेतलं. नंतर तीन माणसं भेटायला आली आणि तिघांनीही एकच शब्द वापरला, 'ब्रेव्ह'. विनोद करणाऱ्याला याहून वाईट शिवी माझ्या ऐकण्यात नाही. जेवायला बोलवावं आणि पाहुण्यानं म्हणावं, स्वयंपाक करायला तुम्ही घाबरला नाहीत!

त्या काळात मी यूट्यूबवर स्टँडअप करणारा मंजीत सरकार आणि तसंच करणारी बीडची अंकुर तांगडे यांना पुन्हा पुन्हा बघत होते. दोघंही जातीवर बोलतात, पण 'बघा माझं कसं झालं' हा सूर नाही. आपल्या घरची गंमत सांगावी तशी ती सांगतात, आणि ऐकणाऱ्याला मध्येच कळतं की गंमत आपल्या घरचीच चाललीय. हे कसं करतात ते मला कळायचं, पण जमायचं नाही. मी गोष्ट सांगायचे तेव्हा खोलीत सगळ्यात हास्यास्पद माणूस मीच असायचे.

ते सोडवलं मामानं. तेही चिडून.

माझा मामा तरुणपणी तमाशाच्या फडात हलगी वाजवायचा. आता मार्केट यार्डात हमाल आहे, हळदीच्या सौद्यांच्या दिवसांत अंगावर बारा महिन्यांची हळद एकदम चढते. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. 5 नोव्हेंबर 1843 ला विष्णुदास भाव्यांनी इथं सीतास्वयंवर केलं, म्हणून ती तारीख रंगभूमी दिन आहे, भावे नाट्यमंदिर आहे, सगळं आहे. पण याच सांगलीच्या शेजारी कवलापूर आहे, तमाशातल्या काळू-बाळूंचं गाव, आणि नाट्यपंढरीच्या भाषणात त्यांचं नाव येईल तर येईल. मामा म्हणतो, पंढरी म्हटल्यावर कुणीतरी पायरीवर लागतंच.

त्याला मी माझं रेकॉर्डिंग ऐकवलं. बिडी विझेपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "ढोलकी कुठं हाय?"

"नसते यात."

"मग माणसानं दम कुठं खायचा ते त्याला कळणार कसं? आमच्यात सोंगाड्या बोलला की मी एक थाप द्यायचो. थाप पडली की पब्लिक हसायचं. तुझ्यात पब्लिक बिचारं वाट बघत बसलंय."

हे मला पटलं. थापेची जागा मी गप्प राहून भरायला शिकले, पुढं बरेच दिवस लागले. पण त्यानं दुसरं जे सांगितलं त्यानं सेटच उलटा झाला. तमाशात गण होतो, गवळण होते, आणि मग बतावणी. बतावणीत दोघं लागतात. एक शहाणा, एक सोंगाड्या. शहाणा सरळ विचारतो, सोंगाड्या वाकडं बोलतो. सोंगाड्या पाटलाला, सावकाराला, फौजदाराला काहीही बोलू शकतो, कारण शेजारी त्याला दटावणारा उभा असतो. पुढं सत्यशोधक जलशांनी हाच साचा उचलला आणि सावकार-भटजीला रंगात आणलं. अण्णाभाऊंनी त्याच साच्यातून लोकनाट्य काढलं. हे मी पुस्तकातून वाचलेलं, मामाला ते सांगितल्यावर तो म्हणाला, "साचा आमचाच व्हता न्हवं? मग झालं तर." आणि मूळ मुद्द्यावर आला.

"तुझ्या गोष्टीत सोंगाड्या कोण?"

"मीच की."

"तू कशी? तू तर सरळ बोलतीयास. खोली पायजे म्हणतीयास. येड्यावानी प्रश्न ती बाई इचारतीया. सोंगाड्या ती. तू तिची फक्त हलगी वाजीव."

तासभर मी त्याच्या पायरीवर बसून राहिले.

मग नवीन लिहिलं. आता माझ्या सेटमधली घरमालकीण दुष्ट नाही. चहा चांगला करते, बिचारीला पाठदुखी आहे, आणि तिला खरंच मदत करायचीय. ती मला ओळखीच्या एखाद्या फळीवर ठेवायचा प्रामाणिक प्रयत्न करते. "देशस्थ?" नाही. "मग कोकणस्थ!" नाही. "कऱ्हाडे?" कऱ्हाडला मी एसटी बदलते. "देवरुखे?" देवरुखला अजून जाणं झालं नाही. बाई विचार करतात. बशी खाली ठेवतात. आणखी एकदोन नावं घेतात, आवाज बारीक होत जातो. बाईंची यादी संपली, आणि माझ्यापर्यंत अजून कुणी आलंच नव्हतं.

इथं मी गप्प राहते. थापेची जागा.

दुसरी अडचण सांगलीची होती. आम्ही ठरवलं की पुण्याच्या फेऱ्या पुरे, इथंच करू. 2024 च्या उन्हाळ्यात विश्रामबागेतल्या एका कॅफेची गच्ची मिळाली. पण पुण्यात माझा पंच उभा होता तो लोकांना 'साठे' कोण हे माहीत नसण्यावर. सांगलीत मी "मी साठे, वाळव्याकडची" म्हटलं की सगळ्यांना सगळं कळतं. पंच सेटअपमध्येच फुटतो. मामाला विचारलं, तो हसला. त्यानं काळू-बाळू जुळ्या भावांचं 'जहरी प्याला' किती वेळा बघितलं असेल त्याला गणती नाही, दोघंही त्यात हवालदार. म्हणाला, "चोर पब्लिकला आधी दावायचा, हवालदाराला शेवटी." म्हणजे लपवायचंच नाही. लोकांना आधी सांगून टाकायचं की मी कोण. मग बाई बिचारी 'कऱ्हाडे? देवरुखे?' करत अंधारात चाचपडत असते आणि गच्चीवर एकट्या तिलाच काही माहीत नसतं.

कॅफेच्या मालकाशी बोलणी दोन दिवस चालली. राजकारण नको. धर्म नको. जात नको. शिव्या नको. मी विचारलं, मग काय हवं? म्हणाला, "हलकंफुलकं. ट्रॅफिकवर करा की." तिकीट लावायचं म्हटलं की परवानग्यांचं लचांड, म्हणून तिकीट नाही, दारात रिकामा बिस्किटांचा डबा. मालक कार्यक्रमभर मागं मेन स्विचपाशी उभा होता. तो फ्यूजच्या काळजीनं तिथं होता असं अजूनही सांगतो.

आम्ही पाच जण होतो. मी, फार्मासिस्ट, जतचा एक प्राथमिक शिक्षक, विट्याचा एक इंजिनिअरिंगचा पोरगा, आणि सांगलीच्याच एक निवृत्त बँकवाल्या काकू, ज्या फक्त नवऱ्याच्या घोरण्यावर बोलतात आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त हशे घेतात. सांगली-मिरजेत स्टँडअप करणारी आमच्या ओळखीची एवढीच माणसं होती, म्हणून पाच. पोस्टर छापून आल्यावर शिक्षक म्हणाला, अरे, आपल्यात तर डायव्हर्सिटी झाली की.

फार्मासिस्टबद्दल इथं थांबून सांगायला हवं. आमच्यात सगळ्यात चांगलं लिहिणारा तो. त्याच्याकडं मिरजेतल्या एका भाड्याच्या घराचीच गोष्ट आहे, माझ्यासारखीच, आणि माझ्यापेक्षा दुपटीनं चांगली. ती त्यानं आम्हाला चहावर ऐकवलीय. स्टेजवर कधीच नाही. जानेवारी 2021 मध्ये इंदूरला स्टँडअप कॉमेडियन मुनव्वर फारुकीला अटक झाली, सर्वोच्च न्यायालयाचा जामीन मिळेपर्यंत तो महिन्याहून जास्त आत होता, हे फार्मासिस्टच्या घरच्यांनी टीव्हीवर बघितलंय. तो म्हणतो, "तुला लोक फार तर ब्रेव्ह म्हणतील. मला काय म्हणतील ते मी दुकानात उभं राहून ऐकू का?" त्या रात्री त्यानं जेनेरिक औषधांवर सात मिनिटं केली. छान केली. त्याची घराची गोष्ट मी इथंही लिहीत नाही. ती त्याची आहे, त्याला वाटेल तेव्हा तो सांगेल.

गच्चीवर साठ-सत्तर माणसं आली. पुढच्या तीन ओळींत विश्रामबागेतली कुटुंबं, मुलाबाळांसकट. मागच्या ओळीत मामा आणि त्यानं यार्डातून आणलेले चार हमाल, कामावरून थेट, कपाळापर्यंत पिवळे. माझा नंबर तिसरा.

"मी साठे. वाळव्याकडची." पुढच्या ओळीत एका बाईंनी पदर सावरला. मागून कुणीतरी खोकलं. मी बाईंचा चहा, पाठदुखी, नळाची वेळ सगळं सांगितलं. "देशस्थ?" शांतता. "कोकणस्थ?" मागून एक खुसखूस. "कऱ्हाडे?" कऱ्हाडला मी एसटी बदलते, म्हटलं, आणि मागची ओळ फुटली. तो हशा आधी एकटाच होता, नुसता मागचा. मग पुढची माणसं वळून बघायला लागली. आपण हसायचं का, हे ती मागच्यांच्या तोंडाकडं बघून ठरवत होती. मागचे हमाल पोट धरून हसतायत म्हटल्यावर पुढचे हसले. एका सेकंदाचा फरक असेल. रेकॉर्डिंगमध्ये तो स्वच्छ ऐकू येतो. पुण्यातल्या तळघरात असा फरक कधी नव्हता, कारण तिथं मागची ओळच नव्हती.

पठ्ठे बापूरावांचं एक वाक्यही मी त्या दिवशी पहिल्यांदा केलं. ते आमच्याच तालुक्यातले, रेठरे हरणाक्षचे, मूळचे कुलकर्णी, सगळं सोडून फडात गेले. मी म्हटलं, "आडनाव सोडता येतं हे आमच्या तालुक्यानं आधीच दाखवलंय. फक्त वरून खाली सोडलं की त्याला त्याग म्हणतात आणि खालून वर सोडलं की लपवाछपवी." याला हशा कमी आला, हुंकार जास्त. रिपोर्टात त्यासाठी अजून कॉलम केलेला नाही.

पडलेलंही सांगते. शेवटच्या मिनिटात साखर कारखान्याच्या चेअरमनवर एक विनोद होता. माझ्या मते सेटमधला सगळ्यात निरुपद्रवी. त्यावर जी शांतता पसरली तशी मी रक्त काढतानाही ऐकलेली नाही. मागची ओळ गप्प, पुढची गप्प, मालकाचा हात स्विचकडं. नंतर शिक्षकानं समजावलं की या गच्चीवर प्रत्येकाच्या घरातलं कुणीतरी कारखान्याला ऊस घालतं, नाहीतर तिथं नोकरीला आहे, आणि बिलं अजून निघायची आहेत. जातीवर सांगली हसली. कारखान्यावर नाही.

कार्यक्रम संपला, डब्यात अठराशे चाळीस रुपये आणि एक लग्नपत्रिका निघाली. मामा भडंगाच्या पुड्या सोडत बसला होता. दुसऱ्या ओळीत कडेला एक वयस्क गृहस्थ बसले होते, पूर्ण वेळ हाताची घडी, एकदाही हसले नव्हते. बोलताना माझं लक्ष सारखं त्यांच्याकडंच जात होतं. ते खुर्च्या उचलणाऱ्यांतून वाट काढत माझ्याकडं आले. म्हटलं, आता काय ते होऊन जाऊ दे.

"मी पण साठे," ते म्हणाले. "ते दुसरे."

मी नमस्कार केला.

"बँकेत होतो. तुमच्या वाळवा तालुक्यात बदली झाली होती, पुष्कळ वर्षं झाली. पहिल्या दिवशी टेबलावर नावाची पाटी लावली. दुपारी शिपायानं माझ्यासाठी पाण्याचा वेगळा तांब्या आणून ठेवला. मला वाटलं, साहेबाला मान आहे." ते थोडा वेळ थांबले. "तिसऱ्या दिवशी कळलं, मान नव्हता. मग काय केलं सांगू? चौथ्या दिवशी सदऱ्याची वरची दोन बटणं उघडी टाकून गेलो. जानवं दिसेल अशी. उकडतंय म्हणालो. जानेवारी होता."

मामानं भडंग खायचं थांबवलं.

"तांब्या लगेच गेला," ते म्हणाले. "मी कुणाला काही विचारलं नाही. घरातही बोललो नाही कधी. हे तुमच्या कार्यक्रमात घाला."

त्यांचं 'जानेवारी होता' हे वाक्य मी आठ महिन्यांत लिहिलेल्या कुठल्याही पंचापेक्षा चांगलं होतं, आणि त्यांनी त्याच्यापुढं नेमकी थापेएवढी जागा सोडली होती. मी विचारलं, खरंच घालू का? म्हणाले, घाला, फक्त माझं नाव घेऊ नका.

"आणि आडनाव?"

"त्याचं काय," ते बटणं लावत म्हणाले, "ते तुमचंच सांगा की."